आत्यानं दाखवलेली जागा

सात्या म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, एवढ्याशा भाजीपायी ही बाई जिवाला लावून घेते! सात्या म्हणजे रानातली अळंबी. बाजारात प्लास्टिकच्या डबीत मिळते ती पांढरी, चवीला कापूस, ती नव्हे. ज्या जमिनीच्या पोटात वाळवीचं घर असतं तिथंच सात्या निघतात, तेही पोळ्याच्या आगेमागे दोन-तीन आठवडे. पाऊस पडून गेला, ऊन पडलं, की जमीन फोडून वर. एक दिवस कळी, दुसऱ्या दिवशी छत्री, तिसऱ्या दिवशी किडे. लावून लागत नाहीत, पेरून उगवत नाहीत. श्रावण पाळणारे आमच्याकडचे लोक मटणाची हौस सात्यांच्या रश्श्यावर भागवतात, आणि खरं सांगते, भागते.

आता मुद्द्याचं. सात्या दरवर्षी त्याच जागी निघतात. ज्याला जागा ठाऊक त्याचं टोपलं भरलं, बाकीचे रानभर भटकून रिकाम्या हातानं घरी. म्हणून आमच्या झाडीपट्टीत जागा कोणी कोणाला सांगत नाही. लोक घरातलं भांडण चावडीवर नेतील, सुनेचं उणंदुणं हातपंपावर काढतील, पण सात्यांची जागा म्हटली की तोंडाला कुलूप. सख्ख्या जावयाला थाप मारतात. यात कोणाला राग येत नाही, तो रिवाजच आहे.

माझ्या आत्याची अशी एक जागा होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन चार वर्षं झाली आणि नवरा गेला. मूल नव्हतं. सासरच्यांनी तिची पेटी बैलबंडीत घालून परत पाठवली, तेव्हापासून ती आमच्याच घरी, चंद्रपूर जिल्ह्याच्या गडचिरोलीकडच्या अंगाला, धानाच्या गावात. आधी आजा-आजीच्या राज्यात, मग माझ्या वडिलांच्या, आता माझ्या भावाच्या. पन्नास वर्षं तिनं आमच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, रोवणं केलं, निंदण केलं, ढोरं बांधली, आम्हा भावंडांना न्हाऊमाखू घातलं. तिच्या नावावर काय? काही नाही. ना बांधी, ना घर, ना एक बकरी. तिला कोणी वाईट वागवलं असं नाही हं. माझा भाऊ देवमाणूस आहे. पण चष्म्याची काडी मोडली तरी तिला त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

ते बघणं त्या जागेनं वाचवलं होतं. पोळा आला की आत्या पंधरा दिवस पहाटे निघायची आणि ऊन चढता चढता पानांनी झाकलेलं टोपलं घेऊन यायची. पहिल्या दिवशीच्या सात्या घरच्यांना. त्या दिवशी माझी वहिनी, एरवी जरा फटकळ, गोड आवाजात म्हणायची, "आत्याबाई, फोडणी तुमच्याच हातची द्या." बाकीच्या दिवशी आत्या बाजारात बसायची. त्यात तिचा वर्षाचा चष्मा, गुडघ्याचं तेल, चपला आणि माहेरी येणाऱ्या लेकीबाळींच्या बांगड्या व्हायच्या. वर्षभर कोणापुढं हात पसरायचा नाही. एवढीच तिची ऐट होती, आणि मला ती फार आवडायची.

मला लग्न करून दिलं घुग्घुसला. नवरा कोळशाच्या खाणीत होता, आता रिटायर आहे आणि दम्यानं खोकत बसतो. दर पोळ्याला मी माहेरी जाते. एका पोळ्याला, मला पन्नाशी लागली होती तेव्हा, आत्या म्हणाली, "चाल माह्यासंगं." कुठं ते सांगितलं नाही. रानात तासभर गोल गोल फिरवलं, एका नाल्यात दोनदा उतरवलं, मी वैतागून म्हटलं, "आत्या, तू वाट चुकली का?" तर म्हणते, "चुप बस. मांगं कोणी येऊन राह्यलं का ते पाह्य." आणि मग एकदम एका उतारावर थांबली. दोन येनाची, म्हणजे ऐनाची, झाडं, मध्ये बाभळीचं खोड पडलेलं, आणि त्याच्या भोवती सात्याच सात्या. मी तोंडात बोटं घातली.

"हे जागा आता तुयी," आत्या म्हणाली. "माह्या मांगं तुयी. कोणाले सांगजो नोको. तुया नवऱ्याले बी नाई."

"काऊन वो? त्यानं काय केलं?"

"नवरे चांगले असतेत. पण त्याइले दोस्त असतेत."

मी तिच्या गळ्याची शपथ घेतली. माझ्या भावाला नाही, वहिनीला नाही, मला दिली तिनं जागा. माहेरच्या घरातून मला पेटीभर सोनं मिळालं असतं तरी इतकं बरं वाटलं नसतं. आणि मी ती शपथ सात वर्षं पाळली. नवऱ्यानं दरसाल विचारलं, दरसाल मी थाप मारली. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे यावं, चहा पाजीन आणि दोन शब्द ऐकवीन.

मग फोन आला. म्हणजे फोन आधीही होता, बटणांचा. हा मोठा फोन मुलानं घेऊन दिला. मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं सगळं लावून दिलं: घरच्यांचा ग्रुप, त्यात भाऊ, वहिनी, भाचा, त्याची नवी बायको, माझा नवरा, आम्ही सगळे. शिवाय नकाशावर आपण कुठं आहोत ते दाखवणारी सोय. लाइव्ह लोकेशन. मी बाजाराला निघाले की ते टाकायचं, असं त्यानं बजावलं. "आई, घुग्घुसचे ट्रक कसे चालतेत तुले माहीत आहे. मले इकडे धास्ती राह्यते."

एकदा मी बाजारातून येताना जरा थांबले, तर पाचव्या मिनिटाला पुण्याहून फोन. "आई, तू तिथी काऊन थांबली? तिथी त पाणीपुरीची गाडी असते. तुले शुगर आहे ना?" तोंडात पुरी होती हो माझ्या! बोलता येईना. घरी येऊन मी रागानं नवऱ्याला म्हटलं, हा पोट्टा मुलगा आहे की सासू? पण राग वरवरचा होता. खोटं कशाला बोलू, मला आतून फार आवडलं होतं ते. आयुष्यभर मी कुठं जाते, जेवले की नाही, कोणी विचारलं नव्हतं. आता शेकडो कोसांवरून कोणीतरी माझा ठिपका बघतं आहे, मी थांबले की त्याचा जीव थांबतो. मी तर कधी कधी गरज नसताना लोकेशन टाकायची. इतकी मी त्याला लालचावले होते.

तीन वर्षांमागचा पोळा. माहेरी गेले तर गावात वाघाची दहशत. बोडीच्या, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याच्या, पाळीवर पंजे उमटलेले, शेजारच्या गावची एक बाई उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना गेली होती. तरी आत्या ऐकते का? पहाटे टोपलं कमरेला. मी सोबत. ओट्यावर भाचा दात घासत उभा. भाचा म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, मला आत्या आणि आत्याला आजी म्हणणारा, सव्वीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला, तालुक्याला मोबाइलच्या दुकानात बसतो.

"कुठी चालल्या दोघीजणी?"

"सरपणाले," आत्यानं ठोकून दिलं. भरपावसात सरपण! पण रिवाजच तसा, म्हणून त्यानंही हसून सोडून दिलं.

"जा, पण आत्या, तू लोकेशन टाकून जा. वाघ फिरून राह्यला. काही झालं त आमी कुठी पाहाव तुमाले?"

आणि मग मी जे केलं त्याला आमच्याकडे म्हणतात, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी मनात हिशेब केला: नेटवर्क गावाबाहेरच्या तलावापर्यंत असतं. तलावाच्या पुढं फोन मेलेलाच. दरवर्षीचा अनुभव. म्हणजे लोकेशन टाकलं तर पोराचंही समाधान, आणि ठिपका तलावाशी अडकून राहील. सगळ्यांना वाटेल आम्ही तलावावरच आहोत. उलट चांगलंच! मी आठ तासांचं लोकेशन ग्रुपवर टाकलं, फोन पिशवीत कोंबला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चालू लागले. त्या वर्षी तलावामागच्या टेकडीवर नवा टॉवर उभा राहिला होता. मला काय ठाऊक! मी घुग्घुसची, वर्षातून आठ दिवस माहेरची.

आत्यानं नेहमीसारखं गोल गोल फिरवलं. नाल्यात दोनदा उतरवलं. मागं वळून वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

त्या सकाळी सात्या अशा निघाल्या होत्या की पाय ठेवायला जागा नाही. आत्याचे तोडायचेही नियम होते. लोखंड लावायचं नाही. विळा नको, खुरपं नको. देठाच्या बुडाशी दोन बोटं घालायची, हळू फिरवायचं आणि ओढायचं. कळ्या ठेवायच्या. चार मोठ्या छत्र्याही ठेवायच्या, कुजू द्यायच्या तिथंच. "वाळवीचं घर आहे वो ते. तिच्या घरातून मांगून नेतो आपण," ती म्हणायची. टोपलं अर्ध्या तासात भरलं. पण आत्या उठेना. त्या पडलेल्या खोडावर बसली, पाय लांब केले, पदर डोक्यावरून खाली घेतला. घरी मी तिला उघड्या डोक्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"इथी मले कोणी पाहत नाई," ती म्हणाली. "घरी बसली त कोणी ना कोणी पाहतेच. का करते, किती खाते, कोणासंगं बोलते. लोक वाईट नाईत. पण पाहतेत ना. इथी आली का मंग मी माही असते."

आणि ती बोलायला लागली. नवऱ्याबद्दल. पन्नास वर्षांत मी तिच्या तोंडून त्याचं नाव ऐकलं नव्हतं. चार वर्षांचा संसार, पण किती काय होतं त्यात! ती हसली, लाजलीसुद्धा, एकदा रडली. काय बोलली ते मी इथं लिहिणार नाही. तुम्हाला उत्सुकता असेल तर असू द्या. तिचं एकदा उघडं पाडलं तेवढं पुरे झालं. आम्ही तिथं दोन तास बसलो होतो, आणि त्या दोन तासांत घरातली चार माणसं, एक घुग्घुसला, एक पुण्यात, आमच्याकडे बघत होती.

हे मला संध्याकाळी कळलं. जेवणं झाली होती, सात्यांचा रस्सा सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला होता, वहिनीनं आत्याला आग्रह करकरून वाढलं होतं. मी फोन काढला तर मुलाचा निरोप: "आई, दोन तास एकाच जागी काय करून राह्यली होती? जंगलात आहे ना ते? ठीक आहेस ना?" मी ग्रुप उघडला. निळा ठिपका. तलावाच्या कितीतरी पुढं. नाला, उतार, सगळं नकाशावर, अगदी स्पष्ट. मी ते पुसलं. पुसून काय होतं? ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं होतं.

तेव्हाच उठून आत्याच्या खोलीत जायला हवं होतं. आत्या, माझ्याकडून असं असं झालं, तू भाच्याशी बोल, मी बोलते, त्याला शपथ घालू. तो ऐकला असता. तो वाईट नाही. पण मी गेले नाही. मला लाज वाटली. कोणाच्या लक्षात आलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि दोन दिवसांनी एसटी धरून घुग्घुसला आले. चूक माणसाकडून होते हो. पण चूक कळल्यावर तोंड शिवून बसणं, त्याला मी काय म्हणू? मला आजही त्या लोकेशनपेक्षा त्या दोन दिवसांचं जास्त लागतं.

आठवड्यानं माझ्या फोनवर भाच्याचा व्हिडिओ आला. रील म्हणतात. पाठीमागं गाणं, समोर हा हसतो आहे, शेजारी नवी बायको, तिचे दोन भाऊ, आणि मागं तीच दोन येनाची झाडं. सात्यांचा ढीग. वर लिहिलेलं, आमच्या जंगलातलं सोनं. आणि खाली, कोणीही बोट लावलं की नकाशा उघडेल अशी, जागा. लोकांनी टाळ्या, बदामं, काय काय पाठवलं होतं. माझ्या नवऱ्यानंही अंगठा दिला होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

मी ताबडतोब भाच्याला फोन लावला. जितकं बोलता येईल तितकं बोलले. तुझी अक्कल कुठं चरायला गेली होती, आजीच्या ताटातलं ओढून जगाला वाटलंस, असं सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आत्या, लोकेशन त तूच टाकली होती. ग्रुपवर. मले वाटलं आता सांगायचंच आहे समद्याइले." आणि थोडं थांबून, "आन् जंगल काय आजीच्या नावावर आहे का?"

आपलेच दात, आपलेच ओठ. मी फोन ठेवून दिला.

त्यानं रील काढून टाकलं, त्याच दिवशी. तोवर व्हायचं ते झालं होतं. तालुक्यावरून मोटारसायकली आल्या. वाघाची भीती पाच-दहा जण मिळून आलं की राहत नाही. ज्यांना रिवाज ठाऊक नाही त्यांनी उपटलं, ज्यांना उपटायला उरलं नाही त्यांनी कुदळ लावली. वर एवढ्या निघतात म्हणजे खाली किती असतील, हा हिशेब! खाली सात्या नसतात, खाली वाळवीचं घर असतं. ते फुटलं की संपलं. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

हे आत्यानं जाऊन पाहिलं. एकटीनं. मला वहिनीनं फोनवर सांगितलं की आत्याबाई रिकामं टोपलं घेऊन आल्या आणि जेवल्या नाहीत. मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

आत्या मागच्या अंगणात तूर पाखडत होती. मी समोर बसले. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"तू सांगतली का कोणाले?"

"नाई," मी म्हटलं. मग म्हटलं, "हो." आणि मग सगळं सांगितलं. फोन, ठिपका, टॉवर, ग्रुप. तिला हे काय कळणार, असं मला वाटत होतं. मी आपली उपग्रह, नकाशा, काय काय बडबडत होते. तिनं सूप थांबवलं.

"म्हंजे आपण तिथी बसलो होतो, तवा थे समदे आपल्यासंगच होते?"

मला एका वाक्यात इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

"हो."

"मी बोलली थे बी ऐकलं का त्याइनं?"

"नाई वो आत्या! ऐकलं नाई. ऐकू येत नाई त्यात. फक्त जागा दिसते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला ते खरं वाटलं की नाही मला आजही ठाऊक नाही. सात्यांबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. तिला एवढंच विचारायचं होतं, नवऱ्याबद्दल बोलली ते कोणी ऐकलं का. मी रडले. ती म्हणाली, "रडू नोको, जे झालं थे झालं," आणि पुन्हा पाखडायला लागली. माझी आई असती तर तिनं मला दोन ठेवून दिल्या असत्या. मला बरं वाटलं असतं.

पुढच्या पोळ्याला सात्या निघाल्या नाहीत. आत्या तरी तीनदा जाऊन आली. त्या वर्षी तिनं पहिल्यांदा भावाला म्हटलं की चष्मा बदलायचा आहे. भावानं लगेच बदलून दिला, चांगला आणला, तिला जपून ठेव असंही म्हणाला नाही. मी म्हटलं ना, देवमाणूस. पण तिला म्हणावं लागलं. ते सांगताना वहिनी म्हणाली, "चार दिवस घोकून राह्यल्या होत्या बिचाऱ्या, कसं सांगू म्हणून." वहिनीनं हे प्रेमानं सांगितलं. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या बाईचं काय काय त्या जागेवर उभं होतं, ते मला जागा गेल्यावर कळलं.

यंदाच्या पोळ्याला गेले तेव्हा आत्याचे गुडघे पार बसले होते. काठी घेऊन अंगणापर्यंत, बस. शेजारच्या घरची सून तिच्याकडे येऊन बसते असं दिसलं. ही सून तलावावर मासे धरणाऱ्या घरातली, दोन लेकरांची आई. नवरा सूरजागडकडे खाणीवर कामाला, घरी महिन्यातून एकदा. ती येते, आत्याचे पाय चोळते, वेणी घालून देते, जाते. मला आपलं बरं वाटलं, कोणीतरी बघणारं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली. पळसाच्या पानांचा मोठा दोना, वर दुसरं पान झाकलेलं. आत्याच्या मांडीवर ठेवला आणि उभी राहिली. आत्यानं पान बाजूला केलं.

सात्या.

मी खाली वाकून पाहिलं. देठ बुडापासून अखंड. कुठं विळा लागल्याची खूण नाही. माती अंगठ्यानं पुसलेली. अशा सात्या अख्ख्या गावात एकच बाई तोडायची, आणि तिला आता अंगणाबाहेर जाता येत नव्हतं.

"मावशी, तुमी म्हणलं तसंच होतं," सून उत्साहानं सांगायला लागली, "नाल्याच्या वरून गेली मी, मंग थो..."

आत्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती गप्प झाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, ओशाळली, "येतो मावशी," म्हणाली आणि गेली.

माझ्या समोर. माझ्यामुळं गप्प केलं तिला. जिला लहानपणी मी आईच्या आधी हाक मारायची, त्या आत्यानं.

मग राहवलं नाही.

"आत्या, आणखी एक जागा होती तुयी?"

"होती."

"ते तू तिले दाखवली."

"दाखवली. पोट्टी गरीब आहे. नवरा दूर आहे. तिचं भागते, मले बी दोनाभर आणून देते."

"मले काऊन नाई?" माझा आवाज चढला. साठीला आलेली बाई मी, पण त्या वेळी मी पाच वर्षांच्या पोरीसारखी भांडत होते. "मी तुयी नाई का? माह्याकडून चूक झाली, कबूल. पण मुद्दाम केलं का मी? सात वर्षं नाई सांगतलं कोणाले!"

"तुयावर राग नाई माहा," आत्या म्हणाली. आणि ते खरं होतं, हेच तर वाईट. ती शांत होती. "तू चांगली आहेस. तुया पोटात राह्यते, मले माहीत आहे. पण तू एकटी कुठी असतेस वो आता? तुले सांगतलं का समद्याइले सांगतलं. तू नाई सांगणार, तरी बी."

"मी फोन घरी ठेवून येईन."

"बरं."

"बंद करीन. आत्ता बंद करते, हे पाह्य."

"कर," ती म्हणाली.

मी पिशवीतून फोन काढला. बाजूचं बटण दाबून धरलं. बंद करायचा का, असं त्यानं विचारलं. आणि माझ्या डोक्यात सुरू झालं. सकाळचा निरोप मुलानं अजून वाचला नव्हता. फोन लागला नाही तर तो भावाला लावील. घुग्घुसला नवरा एकटा, त्याच्या दम्याचं औषध संपत आलं होतं, त्याचा कधी फोन येईल सांगता येत नाही. ग्रुपवर कोणीतरी विचारील, आई कुठं आहे? कारणं काय, पाहिजे तितकी होती. सगळी खरी होती. आणि त्या सगळ्यांच्या खाली एक होतं, जे मी आत्याला सांगू शकले नाही: मला भीती वाटली. कोणी बघत नाही अशा जागी बसायची मला भीती वाटली.

आत्यानं काही घाई केली नाही. ती माझ्या हाताकडे बघत थांबली होती. तिला खरंच वाटत होतं की मी करीन, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग फोनवरचा तो प्रश्न आपोआप निघून गेला आणि मुलाचा फोटो परत दिसायला लागला. तिनं दोना जवळ ओढला आणि एक एक करून सात्या निवडायला घेतल्या. मी फोन पिशवीत ठेवला आणि तिच्यासमोर बसून सात्या निवडू लागले. त्या दिवशीचा रस्सा तिनं मलाच आधी वाढला, आणि मी जेवले.